आतून कापलेली दोरी

आमच्या अक्सुम नगरात राजा व्हायला नुसतं राजाच्या पोटी जन्मून भागत नाही. त्याला वाटेवर थांबावं लागतं. दोन्ही बाजूंना मुली लाल रेशमी दोरी आडवी धरून उभ्या असतात. "तू कोण?" त्या विचारतात. "मी राजा." "आमचा नाहीस." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो म्हणतो, "मी सियोनचा राजा," आणि तलवारीनं दोरी तोडतो. मग धर्मगुरू त्याच्या डोक्यावर तेल ओततात. दोरी एका घावात तुटली, तर देवानं त्याला स्वीकारलं असं आम्ही मानतो.

ही दोरी माझी आत्या वळायची. लेतेब्रहान तिचं नाव. आत सुताचा पीळ, वर रेशीम. शेजारणी तिला चिडवायच्या, "लेते, तुझी दोरी राजाला अडवते आणि शेळी काही तुला आवरत नाही!" ती हसायची. पण तोंडावर हात ठेवून, कुणी पाहील या भीतीनं हसल्यासारखी.

माझे आईवडील नव्हते. वडील तेव्हाच्या राजाच्या दक्षिणेच्या लढाईत गेले. त्यांना पेरणीतून उचलून नेलं होतं. आई त्यानंतरच्या दुष्काळात गेली. आत्यानं मला वाढवलं. तव्यावरची चांगली इंजेरा भाकरी माझ्या पुढ्यात यायची, फाटलेली ती घ्यायची. मी जेवताना मात्र ती माझ्याकडे कधी बघायची नाही.

सणाला सगळ्या बायका चर्चच्या आवारातल्या उंबराच्या झाडापर्यंत जायच्या. आत्या फाटकाबाहेर, भिंतीला कपाळ टेकून उभी राहायची.

"आत का येत नाहीस गं?"

"गुडघ्यांना पायऱ्या सोसत नाहीत."

त्याच गुडघ्यांनी ती रोज टेकडीवरून पाण्याचा घडा आणायची.

मग तो राजा वारला. नव्याचा अभिषेक ठरला, आणि अबा तेक्ले काठी टेकत आमच्या दारात आले. चर्चचे ज्येष्ठ पुरोहित, आत्या पापांची कबुली द्यायची तीही यांच्यापाशीच. पण कित्येक वर्षं तिनं ती दिली नव्हती.

"लेते, या नव्या राजाचंही मनगट कच्चंच आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मागच्यासारखंच कर."

"बरं, अबा."

ते गेले. आत्या सूत घेऊन उन्हात बसली. मला म्हणाली, "पायाच्या अंगठ्यात टोक धर." आणि वळता वळता, मान वर न करता, सगळं सांगितलं. मागच्या वेळी अबांच्या सांगण्यावरून तिनं आतला पीळ मधोमध कापला होता. वरचं रेशीम तेवढं राहू दिलं. तलवार नुसती टेकली आणि दोरी उकलली. बायकांनी आनंदानं आरोळ्या ठोकल्या. तिनंही ठोकली.

"तुझा बाप मी मारला," ती म्हणाली.

"राजानं मारला."

"आणि राजा कुणी केला?"

तिच्या हातातला पीळ घट्ट होत गेला. तिनं तो मेण लावून पुन्हा वळला. कापला नाही.

अभिषेकाच्या दिवशी दोरीचं एक टोक माझ्याकडे होतं. राजा कोवळा, घामानं भिजलेला. तिसऱ्या उत्तरानंतर त्यानं तलवार उगारली. घाव बसला आणि माझे हात खांद्यापर्यंत झिणझिणले. दोरी तशीच. दुसरा घाव. फक्त रेशीम फाटलं. आतलं पांढरं सूत दिसलं. कुणी खोकलंसुद्धा नाही.

तेवढ्यात अबा तेक्ले समोरच्या मुलींना पुटपुटले, "सोडा." त्यांनी टोक सोडलं. दोरी धुळीत पडली. अबांनी क्रूस उंचावला. "तुटली! हाच सियोनचा राजा!" ढोल वाजले, आरोळ्या उठल्या, आणि माझ्या हातात अख्खी दोरी लोंबत राहिली.

घरी आत्यानं विचारलं, "तुटली?"

"नाही. तुटली म्हणाले."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"म्हणजे मागच्या वेळी मी धड दोरी दिली असती, तरी तो राजा झालाच असता."

"मग तुझा दोष कुठे राहिला?" मला एकदम हलकं वाटलं. तिलाही वाटेल असं वाटलं.

"मला विचारलं होतं ना," ती म्हणाली. "नाही म्हणायचं तेवढं माझ्या हातात होतं."

पुढच्या रविवारी ती पुन्हा फाटकाबाहेर उभी राहिली. या वेळी मीही तिच्याजवळ थांबले. अबा बाहेर आले आणि ओठ टेकवायला त्यांनी क्रूस पुढे केला. आत्या वाकली नाही.

"अबा, तुम्ही कुणापाशी कबुली देता?"

विचारताना तिचा आवाज मऊ होता, आजाऱ्याला विचारावं तसा. क्रूस धरलेला हात हळूहळू खाली आला. आत घंटा वाजली, लोक त्यांची वाट पाहत होते. अबा आत गेले नाहीत. काठी बाजूला ठेवून ते आमच्यापासून थोड्या अंतरावर, त्याच भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले.