सरावाचा बाण

कल्पनाताई पुण्याहून जपानात सेंदाईला आल्या त्या संगणकाच्या नोकरीसाठी. राहिल्या त्या हारुओंसाठी. हारुओ गेले तेव्हा मुलगा रेन म्हणाला, माझ्याकडे कावासाकीला चल. त्या गेल्या नाहीत. समुद्रालगतच्या डोंगरात नवऱ्याची भाजीची शेती होती आणि हरणं तिच्यावर तुटून पडत होती. शेजारच्या म्हाताऱ्यांनी एकेक करून वाफे सोडून दिले. ताईंनी फास लावण्याचा परवाना काढला.

"घरात अंडं आणू द्यायची नाहीस," बहीण फोनवर म्हणाली, "आणि आता हरणं मारतेस?"

"मी पकडते. मारतात सुगावारा-सान."

ते खरंच होतं. सुगावारा-सान खालच्या वळणावर राहत. ऐंशीला टेकलेले, बायको नाही, कुलुपबंद कपाटात जुनी बंदूक. ताई रोज पहाटे फास बघून येत. काही सापडलं की त्यांना गाडीत घालून नेत. एक गोळी, की संपलं. ताईंनी स्वतःला एकच अट घातली होती. आपल्या तारेत अडकलेल्या जिवाचे हाल होऊ द्यायचे नाहीत.

ऑगस्टमधली ती सकाळ उजाडली तीच तापलेली. उतारावर एक नर अडकला होता. पुढचा पाय तारेत, शिंगांवर अजून मऊ कातडी. झाडाभोवती फिरून फिरून त्याने माती उकरली होती. जीभ बाहेर आली होती.

ताईंनी सुगावारा-सानना आणलं. ते उतरले, गाडीचं मागचं दार उघडलं, आत बघत राहिले.

"बंदूक कुठे ठेवलीस?"

"मी नाही ठेवली. तुमच्याकडेच असते ना."

त्यांनी टोपी काढली.

"जमा केली. मुलगी घेऊन गेली होती, परवान्यासाठी आठवणीची परीक्षा असते. तिथे चित्रं दाखवतात. मग झाकतात आणि विचारतात, काय काय होतं? मला सिंह आठवला." ते ओशाळं हसले. "हरीण होतं की नाही, देव जाणे."

ताईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी शिकाऱ्यांच्या संघातल्या दुसऱ्या बंदूकवाल्याला फोन लावला. तो कालवांच्या बोटीवर होता. दुपार होईल म्हणाला.

हरणाने पुन्हा हिसका दिला. हाडाचा आवाज आला.

"सुरा आहे," सुगावारा-सान म्हणाले.

सुरा होता. पण जवळ जायची ताईंची छाती होईना. गाडीत समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत त्यांचं धनुष्य आडवं पडलं होतं. संध्याकाळी सरावाला जायचं होतं. हारुओंनीच त्यांना धनुर्विद्येच्या वर्गात नेलं होतं. लांबच्या लक्ष्यावर त्यांचा बाण सहसा चुकत नसे. इथे तर हरीण दहा पावलांवर.

"धनुष्य नाही," म्हातारा म्हणाला. "कायद्यात नाही, कल्पना-सान."

"ते कळतं मला. त्याच्याकडे बघा तरी."

"बघतोय. म्हणूनच नको म्हणतो."

ताईंनी पाय रोवले. श्वास सोडला. बाण जिथे हवा होता तिथेच बसला, खांद्यामागे.

आणि वीतभरही आत गेला नाही.

तो कागदाच्या लक्ष्यासाठी केलेला बाण होता. टोक बोथट. धनुष्य बाईच्या हाताला झेपेल असं हलकं. इतक्या वर्षांत ताईंनी नेम कुठे लागतो एवढंच पाहिलं होतं. लागल्यावर पुढे काय होतं, ते पाहायची वेळच आली नव्हती.

हरीण उसळलं. तार तुटली नाही. खूर तारेत राहिला आणि हरीण तीन पायांवर झाडीत गेलं.

"चल," सुगावारा-सान म्हणाले. "मारलेलं सोडून यायचं नसतं."

रक्त पानांवर पडल्या पडल्या वाळत होतं. माश्या त्यांच्या आधी पोचत होत्या. म्हातारा पुढे, ताई मागे. बाटलीतलं पाणी संपलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते सापडलं, आटलेल्या ओढ्यात, उरलेल्या हातभर पाण्यात तोंड घालून. जिवंत होतं. बाण कुशीतून तसाच वर आलेला, श्वासागणिक हलत.

सुगावारा-साननी मानेवर गुडघा ठेवला आणि हात पुढे केला. सुरा मागायला नव्हे. जागा दाखवायला.

सकाळी दहा पावलांवरून जे टाळलं होतं, ते ताईंनी गुडघ्यावर बसून केलं. एका वारात झालं नाही.

नंतर म्हाताऱ्याने हरणाच्या पोटावर तळवा टेकवला. "फुगलं. उन्हाने मांस गेलं. कुत्र्यालाही घालू नये." दोघांनी तिथेच खड्डा केला. खालून दगड लागत होते. पुरायला वेळ लागला. ताईंनी बाण उपसून पानाने पुसला. पिसांखाली त्यांचं नाव होतं, हारुओंच्या अक्षरात. तो त्यांनी हातातच ठेवला.

सुगावारा-साननी पायाने माती दाबली. मातीकडे पाहिलं. मग बाणाकडे.

"कोणी मारलं गं याला?" त्यांनी विचारलं. "असं मारतात का?"

ताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मागे झाडी होती, रस्ता लांब होता. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"मी," त्या म्हणाल्या.

"तू?" ते मान हलवत राहिले. "छे. तुझा नेम चांगला आहे."

गाडीत बसल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. वळणावर पुन्हा. ताई दर वेळी तेच सांगत होत्या, दर वेळी त्यांना नव्यानेच कळत होतं, आणि दर वेळी ते तसेच, पहिल्यांदा ऐकल्यासारखे, त्यांच्यापासून थोडे सरकून बसत होते.