खुर्चीवरचा टॉवेल

चहा घ्या आधी. गार झाल्यावर माझ्या नावानं बोंब मारू नका. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. मध्येच फिदीफिदी केलंत तर मी उठून जाईन. मूर्खपणा माझा आहे, तो मी माझ्या पद्धतीनं सांगणार.

सोलापुरात एका सरकारी कचेरीत मी पट्टेवाला होतो. बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळाचे दिवस. खेडोपाडीची माणसं रस्त्यावर खडी फोडायला बसलेली, आणि ती दुष्काळी कामं बघणारी आमची कचेरी. राहायला शुक्रवार पेठेत. शाळा दुसरीपर्यंत. पण मिशी! अहो, दोन्ही टोकांवर लिंबू ठेवा, हलायचं नाही. आता काय बघताय माझ्या तोंडाकडं? तेच सांगतोय की!

साहेबाच्या दारात स्टुलावर बसायचं आणि घंटी वाजली की आत जायचं, हे माझं काम. आणि त्याहून मोठं काम म्हणजे साहेबाच्या खुर्चीच्या पाठीवर रोज सकाळी धुतलेला पांढरा टॉवेल टाकायचा. त्यात काय एवढं म्हणता? त्यातच तर सगळं! कचेरीत खुर्च्या ढीगभर, टॉवेल एकीलाच. वैरागसारख्या खेड्यातनं आलेला अडाणी माणूससुद्धा दारातून बघून ओळखायचा, की साहेब तो.

आधीचे साहेब चार वर्षं त्या टॉवेलाला डोकं टेकून झोपले. डोक्याला तेल एवढं, की टॉवेल पिळला असता तर घाणाभर भजी निघाली असती. त्यांची बदली झाली तेव्हा शाल, नारळ, फेटा, फोटो, सगळं केलं आम्ही. मी तर रडलोसुद्धा.

त्यांच्या जागी बाई आल्या.

असतील तिशीच्या. सुती साडी, एक वेणी, हातात पिशवी. पिशवी घ्यायला मी पुढं झालो तर म्हणाल्या, "राहू द्या आण्णा, जड नाही."

तिथंच माझ्या मनातून उतरल्या. ज्याची पिशवी त्यालाच जड होत नाही, तो कसला साहेब?

मग आला टॉवेल. टॉवेल घेऊन खुर्चीपाशी उभा राहिलो, पण हात काही पुढं जाईना. बाईमाणसाच्या पाठीमागं टॉवेल? तेवढ्यात आमचे हेडक्लार्क बिराजदार भाऊसाहेब दारातून डोकावले.

"नागू, त्यो टॉवेल मोकळाच हाय न्हवं? आण की हिकडं."

मी नेऊन त्यांच्या खुर्चीवर टाकला. काय शोभला म्हणता!

कचेरीत सगळ्यांचं एकच म्हणणं. तीन महिन्यांत बाई रडत माहेरी जाणार. तीन झाले, सहा झाले. बाई रडेनात. उलट आमच्याच डोळ्यांत पाणी यायची वेळ आली. सकाळी सातला जीप काढायची. रस्त्याच्या कामावर जायचं. हजेरीपटावरची माणसं खरीच आहेत का, ती एकेक उभी करून बघायची. दुपारची झोप बंद! सरकारी कचेरीत झोप बंद म्हणजे उरलं काय?

मग भाऊसाहेबांनी वर अर्ज लिहिला. "सदरहू अधिकारी बाईमाणूस असल्याने त्यांस कामाचा बोजा झेपत नाही, कचेरीची शिस्त बिघडली आहे, सबब त्यांस या जागेवरून काढावे." खाली सगळ्यांच्या सह्या. माझीही. मला सही येते, बरं का. वेळ लागतो, पण येते.

महिन्याभरात पुण्याहून चौकशीला मोठे साहेब येणार असं कळलं. भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"नागू, तू दारात बसतोस. तुझ्यावानी साक्षीदार दुसरा न्हाय. बाई हितनं एकदा गेली की परत कुठल्या बाईला ही खुर्ची द्यायचं नाव न्हाईत काढायचे. जे बघितलंस तेच सांग. खोटं बोलू नको."

"खोटं कशाला बोलू?" मी मिशीवर ताव दिला. "खरंच लई हाय की!"

चौकशीच्या दिवशी सकाळी आमची ही भाकरी थापत होती. मी पट्ट्याचं पितळ घासत बसलो होतो.

"त्या बाईनं तुमचं काय वाकडं केलंय?" ती म्हणाली.

"तुला कळत न्हाय. बाई गेली की टॉवेल जाग्यावर येतोय."

"आन् बाई कुटं जाईल?"

"बसवत्याल मुंबईला, कुठल्यातरी कपाटामागं."

"शेजारची रखमा खडीवर जाती. तिच्या तान्ह्या लेकराला उन्हातनं सावलीत कुणी आणलं? तुमच्या तेलकट सायबानं?" असं म्हणून हिनं भाकरी तव्यावर अशी आदळली, की मी न खाताच निघालो.

पुण्याचे साहेब चष्मेवाले, शांत माणूस. बाईंना बाहेर बसवलं होतं, माझ्याच स्टुलावर. आत मी, साहेब, एक लिहिणारा कारकून, आणि कोपऱ्यात भाऊसाहेब.

"बाई कामावर उशिरा येतात?"

"उशिरा?" मी छाती काढली. "सातला हजर साहेब! माणसानं आंघोळ कवा करायची?"

भाऊसाहेब खाकरले. मला वाटलं, शाबासकी देतायत.

"रागावतात म्हणे फार."

"लई! परवा ठेकेदाराला असं झापलं, असं झापलं, की त्यानं त्याच दिवशी मजुरांना पाण्याचा टँकर आणून दिला."

"आधीचे साहेब रागावत नव्हते?"

"रागवायचे की! काय आवाज! पेपरवेट फेकून मारायचे. हा बघा, कपाळावर वण. त्याला म्हणत्यात साहेब!"

लिहिणाऱ्या कारकुनाची मान खाली गेली. खांदे हलत होते. मला वाटलं, बिचाऱ्याला खोकला झालाय.

"आणखी काही?"

आता मी थांबतोय होय? "साहेब, माणुसकी न्हाय बाईंना. एकानं आंब्याची पेटी आणली, दारातनं परत धाडली. आधीचे साहेब पेटी ठेवून घ्यायचे आन् त्यातलं चार आंबं मला द्यायचे."

"बरं."

"आन् रुबाब तर न्हाईच. बार्शीच्या रस्त्यावर मजुराचं तान्हं पोर मांडीवर घिऊन, त्याच्या सावलीला पाल ठोकून हुस्तवर उन्हात बसून राहिल्या. अधिकारी माणसाला शोभतंय का?"

भाऊसाहेबांचं खाकरणं आता बैलाच्या हंबरण्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, पाणी घ्या, मी सांगतोय न्हवं!"

पुण्याच्या साहेबांनी चष्मा पुसला. बाईंच्या खुर्चीकडं बघितलं, मग दारातून बाहेर भाऊसाहेबांच्या खुर्चीकडं.

"तो टॉवेल कुणाचा?"

"साहेबाचा."

"मग या खुर्चीवर का नाही?"

"हिच्यावर बाई बसत्यात."

"साहेब कोण?"

तोंड उघडलं आणि माझं मलाच ऐकू आलं. "बाई."

लिहिणाऱ्या कारकुनानं तेही उतरवून घेतलं.

"बाईंची नेमणूक कशी झाली, माहीत आहे?"

"कसली तरी मोठी परीक्षा झाली म्हणं मुंबईला. पहिल्या का दुसऱ्या आल्या."

"आणि तुमची?"

"माझी?" आता इथं तरी गप्प बसावं का नाही? पण अभिमानाचा विषय निघाला ना! "तवाच्या साहेबांनी उभा केला, छाती बघितली, मिशी बघितली, म्हणले, लागला नोकरीला!"

"दुसरं काही विचारलं?"

"न्हाई. मिशी बघितल्यावर काय विचारायचं ऱ्हातंय?"

साहेबांनी कारकुनाला ते शब्दन् शब्द लिहायला लावलं. मग सगळं मला वाचून दाखवलं. माझीच वाक्यं, पण दुसऱ्याच्या तोंडून. सातला हजर. टँकर आणला. पेटी परत धाडली. लेकरू सावलीत आणलं. अहो, ऐकताना मला वाटलं, कुणाच्या सत्काराचं भाषण चाललंय! आणि त्यात एकच मूर्ख माणूस, त्याची मिशी तेवढी मोठी.

"बरोबर आहे ना? सही करा."

केली. वेळ लागला.

अर्ज निकालात निघाला. बाई जागच्या हलल्या नाहीत. भाऊसाहेब दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला तो आरामच वाटला.

चौकशीच्या दिवशीच संध्याकाळी घरी हिला सगळं सांगितलं. वाटलं, भांडेल. ती पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "परीक्षा दिलेल्या बाईची चौकशी, आन् मिशीवाल्याची एकदाबी न्हाय!"

झोंबलं. लई झोंबलं. सकाळी उठलो आणि तडक न्हाव्यापुढं जाऊन बसलो. "काढ."

आता आमच्याकडं माणूस मिशी कधी उतरवतो? घरातलं कुणी गेलं तर. पेठेतून कचेरीपर्यंत तिघांनी अडवलं. "आण्णा, कोण गेलं ओ?" एका म्हातारीनं तर गळ्यात पडून सूर धरला. मी तिला काय सांगू? एवढं बोललो, की तिरडी उठायच्या लायकीचं कुणी नव्हतं!

कचेरीत आलो. भाऊसाहेबांच्या खुर्चीवरचा टॉवेल ओढून घेतला, नळाखाली दोनदा साबण लावून धुतला, उन्हात खडखडीत वाळवला आणि बाईंच्या खुर्चीवर टाकला. घडी चारदा सारखी केली. मग स्टुलावर जाऊन बसलो, तोंड भिंतीकडं.

बाई कामावरून आल्या. आत गेल्या. मग घंटी.

आत गेलो. त्यांच्यापुढं माझ्या जबानीची नक्कल. टॉवेलाकडं बोट दाखवून काहीतरी विचारणार होत्या, तेवढ्यात माझं तोंड दिसलं.

"आण्णा! मिशी कुठं गेली?"

"काढली, साहेब."

बाईंनी कागद माझ्यापुढं सरकवला. खाली माझी सही, वाकडीतिकडी, पण ठसठशीत.

"अहो, काय केलंत हे? नोकरीसाठी तेवढी एकच लायकी होती तुमची. तुम्हीच सही करून दिलीय. आता कशाच्या जोरावर ठेवू तुम्हाला?"

माझा हात मिशी शोधायला ओठावर गेला. तर त्या हसत उठल्या, पिशवी उचलली, आणि या खेपेला माझ्या हातात दिली.

"चला, जीप काढायला सांगा. मिशी परत येईपर्यंत कामावर भागवू."