हेमाचं नाक

सहा आठवडे झाले, तरी मी अजून ‘हेमा म्हणते’ असंच बोलून जाते आणि मग जीभ चावते. बाबांचा फोन आला तेव्हा दुपार होती, मी नुकती ताटावर बसले होते. बाबा बोईसरहून बोलत होते, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या आमच्या घरून, आणि आवाज एवढा बारीक की मला वाटलं लाईन खराब आहे. “हेमा गेली गं. कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीत उतरली होती, गॅस लागला.” मी म्हटलं, बाबा, तुम्हाला कोणीतरी काहीच्या बाही सांगितलंय, हेमा टाकीत उतरणारच नाही. चक्क भांडले मी त्यांच्याशी. कारण ज्या गॅसने ती गेली म्हणत होते, तो गॅस मला हेमानेच शिकवला होता. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, हॉस्टेलच्या गच्चीवर, डोक्यात टपल्या मारून मारून. “थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की आधी नाकच मारून टाकतो. वास थांबला म्हणजे गॅस गेला नाही, वाढलाय... शिरलं का डोक्यात?” शिरलं होतं. म्हणून तर विश्वास बसेना. बाबांनी फोन ठेवला तरी मी उष्ट्या हाताने तिथेच उभी होते, बोटांवर भात वाळून गेला.

आम्ही पर्यावरण अभियांत्रिकीला गेलो तेव्हा त्या शाखेचं नाव सांगितलं की लोक विचारत, म्हणजे झाडं लावायची का? माझा मामा तर मला ‘गटार इंजिनिअर’ म्हणायचा. मला खरं तर सिव्हिल हवं होतं, मार्क कमी पडले म्हणून इकडे येऊन पडले, आणि पहिलं वर्षभर मी तोंड पाडूनच फिरत होते. वर्गात मुली दोनच, मी आणि हेमा. हेमाने मात्र फॉर्मवर पहिल्या पसंतीला हेच लिहिलं होतं. ती मुरब्याची, कोळ्याची पोर. वडील बोटीवर, आई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. खाडीत मासा मरून वर येतो हे तिची आई गावात येईल त्या साहेबाला सांगायची, आणि साहेब मान हलवून निघून जायचे. “आईकडे आकडा नाही ना, म्हणून कोणी ऐकत नाही,” हेमा म्हणायची. “मी आकडा आणणार.” चार वर्षं ती फक्त एवढ्यासाठी शिकली. आम्ही बाकीचे पास होण्यासाठी शिकत होतो.

आणि तिचं ते नाक. मासळीचे कल्ले उघडून बघायच्या आधी नुसत्या वासावर ती कालची की आजची हे ओळखायला आईने तिला लहानपणीच शिकवलं होतं. प्रयोगशाळेत कुठल्याही बाटलीला नाक लावायचं नाही हा आमचा पहिला नियम, आणि हेमाने तो पहिल्याच दिवशी मोडला. सर असे ओरडले की माझ्या हातातली नळी निसटली. हेमा शांतपणे म्हणाली, “सर, हे पाणी परवाचं आहे.” लेबल बघितलं तर खरंच परवाचं. सर खूप रागावले, पण नंतर शंका आली की हळूच तिलाच बोलवायचे. मेसची आमटी ती तोंडात घालायच्या आधी नाकाजवळ नेई आणि आमचं सगळं टेबल तिच्या तोंडाकडे बघत बसे. तिने वाटी सरकवली की आम्हीही सरकवायचो. मेसवाल्याने तिच्याशी दोन वर्षं अबोला धरला होता.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आम्ही दोघींनी मिळून घेतला, मुरब्याच्या खाडीचं पाणी. पाण्यात प्राणवायू किती आणि तो पाच दिवसांत किती खर्च होतो, हे मोजायचं. जितका जास्त खर्च, तितकी पाण्यात घाण जास्त. नमुने थंड ठेवून कॉलेजपर्यंत न्यायचे असतात. आता थंड म्हटलं की मुरब्यात एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते. हेमाने बाटल्या सरळ आईच्या मासळीच्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या, वर सरांसाठी म्हणून ताजे बोंबील. आकडे आले ते असे भयानक, की सर चष्मा काढून बघायला लागले. मी तर हवेतच. म्हटलं, हेमा, झालं आपलं काम, आता बघू कोण साहेब मान हलवतो ते. उरलेल्या बाटलीचं बूच काढून तिने वास घेतला, आणि तिचं तोंड उतरलं. “ही खाडी नाही गं, हे बोंबलाचं पाणी आहे.” पेटीतलं वितळलेलं पाणी बुचांतून आत झिरपलं होतं. मी म्हटलं, कोणाला कळणार आहे? खाडी खराब आहे हे तर खरंच ना? यावर ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, “माझी आई सडका मासा ताजा म्हणून कधी विकत नाही.” तीन महिन्यांचं काम तिने फाडून टाकलं आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खरे आकडे निम्म्याहून कमी भरले. पण वाईटच होते, आणि कोणाच्या बापाला खोडता येणार नाहीत असे होते. त्याच आकड्यांवर तिला तारापूरला नोकरी लागली. कारखान्याचं पाणी खाडीत जाण्याआधी साफ करायचं काम. “आता मीच दारात उभी,” म्हणाली.

बाराव्याला मुरब्याला गेले तेव्हा तिच्या हाताखालचा एक कामगार अंगणात कोपऱ्यात बसला होता. त्याने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते आहे. अडकलेला पंप सोडवायला एक जण न विचारता टाकीत उतरला आणि कोसळला. हा आणि आणखी एक जण त्याच्यामागून उतरणार, तेवढ्यात हेमा धावत आली, वाकली आणि तिने वास घेतला. “मॅडम बोली, अब बास नहीं आ रही. सब पीछे हटो, कोई नहीं उतरेगा. हम दोनों को धक्का मारा.” हवेचा मुखवटा स्टोअरमध्ये कुलपात होता, किल्लीवाला जेवायला गेला होता. एकाला किल्लीसाठी पळवलं. मग खालच्या माणसाचा हात हलला... आणि हेमाने दोर कमरेला बांधला. खाली उतरल्यावर तिने तो आपल्या कमरेचा सोडून त्या माणसाला बांधला. त्याला वर ओढलं, तो जगला. दोर पुन्हा खाली सोडला, तेव्हा तो धरायला कोणी नव्हतं.

म्हणजे तिला कळलं होतं. कळलं होतं, आणि तरी उतरली. मी तिच्यावर अजून चिडलेली आहे. त्या जगलेल्या माणसाचाही मला राग येतो, आणि मग माझीच मला लाज वाटते.

तिची आई भिंतीला टेकून बसली होती. माझा हात धरून म्हणाली, “मीच शिकवलं तिला. नाकावर इस्वास ठेव म्हनून. त्या नाकानंच घात केला ना पोरीचा?” मी म्हटलं, नाही मावशी, नाकाने तर दोन माणसं वाचवली. हेमाने मला गच्चीवर समजावलं होतं तसंच समजावलं. थोडा असतो तेव्हा वास येतो, फार झाला की वास येतच नाही, आणि हेमाला तेच कळलं, म्हणून तिने त्या दोघांना ढकललं. त्यांनी मान वर करून विचारलं, “मंजे वास येत नाय तवा ते जास्त असतं?” मी हो म्हटलं.

येताना मी हेमाचा कॉलेजचा पांढरा कोट आणला होता. शेवटच्या दिवशी आमच्या कोटांची अदलाबदल झाली, ते कधी परत केलेच नाहीत. इतकी वर्षं माझ्याच कपाटात होता. मावशींनी तो मांडीवर घेतला, कॉलर उलगडून नाकाशी धरली आणि डोळे मिटले. मी वाट बघत राहिले. बाजारात पाटीवर वाकून त्या जसा वास घ्यायच्या तसाच, पुन्हा एकदा, मग बाही, मग खिसा.

“वास येत नाय तिचा,” त्या म्हणाल्या. कॉलर पुन्हा नीट दुमडली. “मंजे जास्त हाय.”

आणि कोटाची घडी घालून त्यांनी तो उशीखाली ठेवला.