तिसरं कडवं

माझे दाजी दगडखाणीत सुरुंग लावतात. या धंद्यात म्हातारपण आलं तरी त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत. वात पेटवली की ते देवाचं स्तुतिगीत गायला लागतात. तीन कडवी संपेपर्यंत आम्ही मजुरांनी भिंतीआड पोचायचं आणि शेवटच्या ‘आमेन’नंतर धमाका, हे आमचं ठरलेलं. इशाऱ्याच्या भोंग्याकडे कुणी लक्षच देत नाही.

आज आम्ही रमतगमत चाललो होतो, कारण दाजी अजून दुसऱ्याच कडव्यावर होते. तेवढ्यात कडा फुटला. डोक्याएवढा दगड माझ्या कानाजवळून गेला. दुसरं कडवं त्यांनी दोनदा म्हटलं होतं.

संध्याकाळी ताई त्यांच्या केसांतली धूळ धूत होती. मी तणतणतच आत शिरलो.

“ओरडू नकोस रे,” दाजी म्हणाले. “सगळे वाचलो ना? ही त्याची कृपा. स्वतःच्या लायकीवर कुणाचं तारण झालंय? मी त्याला विसरलो, तरी तो मला विसरणार नाही.”

“तुम्हाला नाही विसरणार हो! आमचं काय? तिसरं कडवं म्हणून दाखवा.”

ताईचा हात थांबला. दाजींनी डोळे मिटले आणि अगदी मनापासून गायला सुरुवात केली. पहिलं झालं. दुसरं झालं. ते क्षणभर थांबले, प्रसन्न हसले आणि पुन्हा दुसरंच सुरू केलं.

उद्याच्या सुरुंगाची भोकं आम्ही आजच पाडून ठेवली आहेत.