सातव्या फर्म्याची मावशी

आमच्या छापखान्यात बायंडिंगचं खातं मी सांभाळतो आणि तिथं मी म्हणेन ती पूर्व दिशा. फुशारकी मारत नाही, कुणालाही विचारा. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एकाही पुस्तकाची पानं मागेपुढे झाली नव्हती. 'नव्हती' म्हणतोय, कारण मग ते दाराचं पुस्तक आलं. पण त्याआधी मावशींबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला काही उमगायचं नाही.

मावशी माझ्याही आधीपासून इथं आहेत. एकतीस वर्षं झाली. मालकापासून मशीनवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच. त्यांचं काम घडी घालायचं. मोठ्या तावावर पुढून आठ आणि मागून आठ अशी सोळा पानं छापून येतात. तो ताव तीनदा दुमडून हाडाच्या पट्टीनं दाबला की सोळा पानांची चोपडी होते. तिला आम्ही फर्मा म्हणतो. असे बारा-पंधरा फर्मे एकावर एक ठेवून शिवले की झालं पुस्तक. घडीचं मशीन आहे आमच्याकडे, पण थोड्या प्रती काढायच्या असल्या की अजून हातानंच काम चालतं. आणि रीत अशी की एका टेबलावर एकच फर्मा. पहिल्यावर पहिला, दुसऱ्यावर दुसरा. मावशी लागल्या तेव्हा खिडकीजवळचं सातवं टेबल रिकामं होतं. तेव्हापासून पुस्तक कुठलंही येवो, सातवा फर्मा मावशींचा. पान सत्त्याण्णव ते एकशे बारा.

आणि त्या वाचतात. हात चाललेला असतो, घडी एका रेषेत पडते आणि डोळे मजकुरावरून फिरत असतात. पहिल्या शंभर प्रतींतच सोळा पानं पाठ. मी एकदा चिडून म्हटलं होतं, "मावशी, पगार घड्यांचा मिळतो, वाचनाचा नाही." त्यांनी मान वर न करता विचारलं, "घडी वाकडी पडली का मास्तर?" नव्हती पडली.

गंमत अशी की त्यांनी पूर्ण पुस्तक आयुष्यात वाचलेलं नव्हतं. सातवीत शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न, मग दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. ती सासू म्हणजे महाकजाग बाई. भाजीत मीठ जास्त इथपासून सुनेच्या चालण्याचा आवाज येतो इथपर्यंत तिची तक्रार. एका संध्याकाळी मावशींनी तिला गप्प करायला दिवसभरात वाचलेली सोळा पानं सांगितली. म्हातारी ऐकत राहिली आणि संपल्यावर म्हणाली, "मग पुढं?" पुढचा आठवा फर्मा तर शेजारच्या टेबलावर. मग मावशींनी पुढचं आपल्या मनानं रचलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं विचारलं, आधी काय झालं होतं? मावशींनी तेही रचलं. अशी तेवीस वर्षं गेली. सासू दिवसभर भांडायची आणि दिवेलागणीला "मग पुढं?" म्हणून सुनेकडे बघत बसायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मावशी चौदा दिवस कामावर आल्या नाहीत, आणि आल्या तेव्हा कुणाशी धड बोलेनात.

त्याच सुमारास आमच्याकडे एक नवं गिऱ्हाईक आलं. दोघी बहिणी होत्या, त्यांनी प्रकाशनाचा नवा संसार थाटला होता. छापायच्या काय, तर फक्त विज्ञानकथा आणि अद्भुतकथा, त्याही नव्या, आणि लिहिणारेही नवेच. मी कपाळावर हात मारला. एक दातांचा डॉक्टर, दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो, आणि लिहितो काय, तर एका ग्रहावर माणसं मेली की त्यांचे आवाज झाडांना लागतात आणि हंगामात तोडून आणावे लागतात. एक शाळेच्या बसची चालक, तिच्या पुस्तकात सगळं गाव आपल्या सावल्या भाड्यानं देतं. मी म्हटलं, ह्यांना घरी काही कामं नसतात का?

पण मावशींचा चेहरा पालटला. त्या म्हणाल्या, "मास्तर, बाकीच्या कादंबऱ्यांत सातवा फर्मा वाचला की मला मागचंपुढचं कळतं. लग्न होणार, नाहीतर मोडणार. ह्यांचं काही सांगता येत नाही हो. सत्त्याण्णव पानावर माणूस झाडावरून आपल्या बापाचा आवाज तोडतोय! आता ह्याच्या पुढं काय असेल, कसं रचू मी?" हे सांगताना त्यांचे डोळे एवढे मोठे झाले होते. मला हसू आलं, पण का कोण जाणे, मी हसलो नाही.

आता ते दाराचं पुस्तक. लिहिणारा लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर, चाळिशीचा, नखांत कायमचं काळं तेल. पहिलंच पुस्तक. अकरा वर्षं लिहीत होता म्हणे. सातशे प्रती, आणि बहिणींनी बजावून सांगितलं होतं, "कागद एवढाच आहे, पुन्हा छापणं आम्हाला झेपणार नाही." ताव छापून आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी प्रकाशन, म्हणजे घडी आणि शिलाई एकाच दिवसात व्हायला हवी होती. शिलाईत चुकलं की संपलं, कारण उसवलेला फर्मा पुन्हा धड शिवता येत नाही. त्या माणसाची अकरा वर्षं आमच्या टेबलांवर पसरलेली होती.

शिवाय त्याचा एक हट्ट. पानांना आकडे नकोत! त्याच्या गोष्टीतल्या माणसांना काळ मोजता येत नाही, म्हणून वाचणाऱ्यालाही पानं मोजता येऊ नयेत. बहिणींनी हौसेनं आकडेही गाळले आणि फर्म्यांचा क्रम कळावा म्हणून छापतात त्या खुणाही गाळल्या. मग मशीनवाल्यानं प्रत्येक ढिगाच्या सगळ्यात वरच्या तावावर पेन्सिलीनं आकडा घातला आणि ढीग माझ्याकडे पाठवले. मी ते टेबलांवर वाटले.

दुपारपर्यंत घड्या झाल्या. मी जुळणीला, म्हणजे फर्मे क्रमानं लावायला, ते गोळा करायला निघालो तर मावशी आपल्या ढिगावर चक्क बसलेल्या.

"मावशी, उठा."

"नाही उठत. हा सातवा नाही."

"म्हणजे?"

"सातव्या फर्म्यात माणूस निघतो, मास्तर. एकतीस वर्षं बघतेय. घर सोडतो, नाहीतर सोडायचं ठरवतो. ही बाई दमून आलेली आहे."

मला राग आला, खोटं कशाला बोलू! बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी म्हटलं, "अहो, त्या पुस्तकात काळ उलटासुलटा जातो. पाठीवर आपल्या घराचं दार घेऊन एक बाई आटलेल्या समुद्राच्या शोधात निघते. जिथं दार उभं करून उघडेल, तिथं त्याच जागेचा जुना काळ दिसतो. बहिणींनीच सांगितलंय मला. तेव्हा ती आधी दमेल आणि मग निघेल. अशी पुस्तकं असतात ही!"

मावशी उठल्या. मला वाटलं, पटलं. पण त्या टेबलांवरच्या वरच्या पानांवर नजर टाकत नवव्या टेबलाकडे गेल्या, तिथला एक फर्मा उचलला आणि उभ्यानं वाचायला लागल्या. मग आपला घेतला. दोन्ही माझ्यापुढे धरले.

"हे वाचा. माझ्यात तिच्या टाचा फुटल्यात, रक्त वाळलंय. ह्या नवव्यात तिच्या वहाणा नव्या आहेत, अंगठ्याला चावतात. माझ्यात दाराला एकच बिजागरी उरलीय. नवव्यात दोन आहेत."

"काळ मागं गेला ना!"

"काळ गेला असेल, टाचा कशा मागं जातील?" मावशी पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. "ती दार उघडून लहानपण बघते, पण बघणारी बाई तीच ना? तिचं चालणं चाललेलंच राहतं. दार जुनं जुनं होत जाणार. शिलाई केलीत तर त्या माणसाची बाई आधी चालून चालून थकेल आणि मग निघेल. असं करू नका हो मास्तर."

मी शेवटचं हत्यार काढलं. "आकडा मी स्वतः घातलाय त्या ढिगावर," म्हणालो. आणि बोलता बोलता माझंच मला काहीतरी खटकलं.

मी का घातला होता आकडा? मशीनवाल्यानं घातलेला होता की!

सकाळी सरसाचा डबा टेबलावर ठेवताना खाली काहीतरी अंथरायला हवं होतं. सातव्या आणि नवव्या ढिगाचे वरचे ताव मळके दिसले, ते मी ओढून घेतले होते. मग ढिगांवर आकडे नाहीत म्हणून आठवणीवरून माझ्या हातानं घातले. काखेत कळसा म्हणतात तो हा. मी डबा उचलला. चिकटलेला ताव हलक्या हातानं सोडवला. फुटलेल्या टाचांचाच मजकूर. आणि कोपऱ्यात, सरसाच्या डागाखाली, मशीनवाल्याच्या अक्षरात नऊ.

सातशे पुस्तकं. अर्ध्या तासात शिलाई सुरू झाली असती. मी मावशींकडे बघितलं, आणि खरं सांगतो, हात जोडावेसे वाटले. या बाईनं पुस्तकाचा मधला एक तुकडा हातात घेऊन ओळखलं होतं की हा तुकडा कुठला. कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या शाळेत हे शिकवतही नाहीत.

ढीग बदलले. चार वाजता लिफ्टवाला पहिली प्रत बघायला आला, कपड्यांवर तेलाचे डाग. मी ती त्याच्या हातात दिली. मी लपवू शकलो असतो. पण लपवलं नाही, सगळं सांगितलं. तो मावशींच्या टेबलापुढे कागदाच्या गठ्ठ्यावर जाऊन बसला.

"टाचांवरून?" एवढंच म्हणाला.

"हो. आणि बिजागरीवरून. रागावू नका, मी सोळाच पानं वाचलीत. नंतर तुमचा खरा सातवाही वाचला, म्हणजे बत्तीस."

तो म्हणाला, "त्या बाईला घराबाहेर काढायला मला चार वर्षं लागली. दार उचलून घ्यायचं सुचेपर्यंत ती निघेचना. घरात कुणाला सांगितलं तर म्हणायचे, दार कोण उचलून नेतं?" त्यानं हातातली पहिली प्रत मावशींपुढे ठेवली. मावशींनी ती घेतली नाही. दोनदा नको म्हणाल्या. मग पदरानं पुसून पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. डोळे सुजलेले. जेवणाच्या सुट्टीत मी चहा घेऊन गेलो.

"वाचलंत?"

"पूर्ण." मग म्हणाल्या, "मास्तर, मला वाटत होतं पुढचंमागचं मी रचते तसंच असणार. थोडं इकडेतिकडे. मी रचलं असतं, ती समुद्रापाशी पोचते, दार उघडते आणि पलीकडे तिची मेलेली आई उभी असते. सासूबाईंना मी असंच सांगितलं असतं. त्या रडल्या असत्या, झोपल्या असत्या." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पण ती दार उघडतच नाही. कोरड्या वाळूत दार उभं करते आणि त्याला पाठ टेकून बसते. पार थकलेली. आणि मग, मास्तर, समुद्र येतो. आणि दारावर थाप मारतो. पलीकडून."

माझ्या अंगावर काटा आला. भर दुपारी, चहा हातात असताना.

"हे मला सात जन्मांत सुचलं नसतं," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "एका लिफ्टवाल्याला सुचलं. केवढं मोठं असतं हो माणसाच्या डोक्यात! आणि सासूबाईंना मी तेवीस वर्षं माझं चिमूटभरच देत राहिले."

मनात एकच गोष्ट घोळत होती, तीच तोंडातून निघून गेली.

"मग पुढं?"

मावशींनी चटकन मान वर केली. दोन वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. बोलून गेल्यावर माझ्याही लक्षात आलं हे शब्द कुणाचे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग डोळे पुसून हसल्या. पिशवीतून पुस्तक काढलं, पण माझ्या हातात दिलं नाही.

"ह्या वेळी मी नाही सांगणार. पहिल्या पानापासून वाचा. आणि आधी हात धुऊन या, सरस लागेल."

सत्तावीस वर्षं ज्या खात्यात मी म्हणेन ती पूर्व दिशा, त्या खात्यात मी मुकाट्यानं उठलो आणि कोपरापर्यंत हात धुऊन आलो.