काखेतल्या वहाणा

मामांच्या वहाणा चालण्यासाठी नव्हत्याच. सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावरून, तीन-तीन तास चालताना त्या त्यांच्या काखेत असत आणि लांज्याचा डांबरी रस्ता लागला की पायांत. मी एकदा कारण विचारलं. "डांबरावर काय बगायचं हाय, सायेब? सड्यावर पायाला वाट कळाय लागते," ते म्हणाले. मी माझ्या नव्याकोऱ्या बुटांकडे पाहिलं.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी पाटबंधारे खात्यातला नवखा ओव्हरसियर, साताऱ्याकडचा. आणि मामा आमचे खलाशी, म्हणजे मोजणीला टेप ओढणारे, पट्टी धरणारे. खात्यात सगळे त्यांना मामाच म्हणत. कामाला निघण्यापूर्वी मामा देवाला गाऱ्हाणं घालत आणि त्यात मला न विसरता गुंतवत. "बा म्हाराजा, ह्यो सायेब देशावरचा हाय. याला कातळ कळत न्हाय, चढ कळत न्हाय. तवा याला सांबाळून घे." यावर इतरांबरोबर मलाही "व्हय म्हाराजा" म्हणावं लागे. स्वतःच्या अज्ञानाला रोज सकाळी मोठ्याने होकार देणारा सरकारी नोकर माझ्याशिवाय दुसरा नसेल.

आमचं लहानसं मातीचं धरण भरलं आणि दोन वाड्यांमधली जुनी पाखाडी, म्हणजे दगड बसवलेली पायवाट, पाण्याखाली गेली. पलीकडच्या वाडीत चारच घरं. त्यातलं एक मामांच्या विधवा थोरल्या बहिणीचं, आकाचं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. पण त्या वर्षी ती काठापर्यंत आली आणि पाणी बघून परत फिरली. पलीकडे आका ओटीचं सूप हातात घेऊन उभी होती. ती अलीकडून दिसत होती, हे मामांच्या फार जिव्हारी लागलं.

होडीतून देव न्यायची रीत नाही, असं गावकऱ्यांनी स्पष्ट सांगितलं. सड्यावरून वाट निघाली तर नेऊ. पण खांद्यावर घेतलेली पालखी पुढचं अंगण येईपर्यंत टेकवायची नाही आणि दिवेलागणीच्या आत पोचायला हवं. झालं, मामांचे रविवार त्या वाटेच्या शोधात जाऊ लागले. क्वार्टरमध्ये एकट्याने बसून करायचं काय, म्हणून मीही बरोबर निघे. मामांच्या फडक्यातली भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी हेही एक कारण होतं, खोटं कशाला बोलू?

पावसाळा संपल्यावर एकदाची वाट सापडली. करवंदीच्या जाळ्यांमधून वर सड्यावर, तिथून पलीकडच्या घाटीने खाली. मी टेप लावला, चढ काढला, रुंदी काढली आणि ऐटीत जाहीर केलं, "मामा, झाली वाट!"

"मानसाची झाली. पालकीची न्हाय."

पुढच्या रविवारी ते पालखीच्या दांड्याएवढ्या लांबलचक बांबूला घरातली बाज टांगून घेऊन आले. दांड्याच्या पुढच्या टोकाला मी, मागच्या टोकाला मामा. लाकडं आणायला आलेल्या दोघी बायका आम्हाला बघून मोळ्या टाकून धावत आल्या. "अगो बाय, कोन आजारी हाय?"

"कोन न्हाय. सायबांची हौस!" मामा मागून ओरडले.

घाटी उतरताना एका वळणावर दांड्याचं पुढचं टोक कातळाला थडकलं, मागचं करवंदीत घुसलं आणि मधली बाज फिरून माझ्या कमरेत बसली. मी दाणकन खाली. रुंदी मोजली, चढ मोजला, पण एवढा लांब दांडा वळणार कसा, हे इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं! मामा हसता हसता खाली बसले. डोळे पुसत म्हणाले, "टेप सरळ जातो सायेब, दांड्याला वळाय लागतं."

मग दोन्ही वाड्यांनी पहारी घेऊन तो कातळाचा कोपरा फोडला. शिमग्यात पालखी सड्यावर चढली, ढोल वाजत घाटीकडे निघाली. त्या वळणावर ढोल थांबले. मामांनी डोळे मिटून घेतले. दांडा हळूहळू फिरला आणि वीतभर जागा राखून सुटला.

ऊन होतं तेव्हाच पालखी आकाच्या अंगणात पोचली. आका आधी देवीवरच रागावली. "येवडा उशीर? दोन सालं झाली!" मग आत जाऊन तिने एक नाही, दोन सुपं आणली. दोन नारळ, दोन खण. "ही यंदाची, नि ही गेल्या सालची. ऱ्हायली हुती." मामा तोंड फिरवून इकडेतिकडे आपल्या वहाणा शोधू लागले. त्या काखेतच होत्या.

माझी बदली झाली तेव्हा मला पोचवायला ते हायवेपर्यंत आले. वहाणा पायांत, त्यामुळे जरा अवघडलेले. "जाल तितं पायानं चाला, सायेब," एवढंच बोलले. पुढे भेट झाली नाही. ते गेल्याचं पत्र मला फार उशिरा मिळालं. मी जायला हवं होतं, हे अजून मनातून जात नाही.

निवृत्तीनंतर गेलो. धरणाच्या काठावर गवत कापणाऱ्या एका बाईला पलीकडच्या वाडीची वाट विचारली.

"वर सड्यावर जावा. फुडं सायेब पडलेलं वळान लागंल, तितनं खाली उतरा."

"कोण साहेब?"

"काय म्हायत! देशावरचा हुता म्हनं कोन. मामा सांगायचे."

मी बूट काढले, काखेत मारले आणि चढायला लागलो.