सुवर्णाचा कांदा आणि माझे तक्ते

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आम्हा बहिणींच्या खोलीसमोर गाडी उभी होती आणि वडील, म्हणजे नाना, माझ्या बॅगेत कांदे कोंबत होते. गावाकडून, देवळ्याहून आणलेले, घरच्या कांदाचाळीतले. "तिकडं काय मिळंल, भरवसा नाय." धाकट्या सुवर्णाने ते गुपचूप काढून ठेवले. नेदरलँड्सला पोचले आणि बघते तर काय, शेताच्या कडेला कांद्याचे ढीगच्या ढीग! फोनवर नाना पोट धरून हसले.

इथे मी विद्यापीठांचं संशोधन मोजते. युरोपातून किती शोधनिबंध आले, आशियातून किती, आफ्रिकेतून किती, त्यातले इतरांनी किती वापरले, याचे तक्ते करते. नानांना ते लगेच कळलं. आमच्या घरात निकालाला मार्क कुणी विचारलेच नाहीत, "कितवा नंबर?" एवढंच. दर फोनला तेच, "आपल्या सुवर्णाच्या कॉलेजचा कितवा?"

"नाना, ते यादीतच नाही."

म्हणून तर खटपट करून मी तिच्यासाठी इथे पीएच.डी.ची जागा शोधली. वरच्या नंबराचं विद्यापीठ, शिष्यवृत्ती, माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर. खरं सांगू? मलाच ती हवी होती. एकटीने जेवून जेवून कंटाळले होते, भांडायला हक्काचं माणूस नव्हतं. आणि बाईसाहेबांनी चक्क नाही म्हटलं!

"ताई, तिकडं थंडीत कांदा ऱ्हातो. आपल्या चाळीत पावसाळ्यात का सडतो, ते मला बघायचंय. तो इथंच सडतो ना!"

फोन ठेवून मी ढसाढसा रडले.

तिने नाशिकमध्येच काम सुरू केलं. देवळ्याच्या आमच्या चाळीत जागोजागी तापमापक टांगले. नाना राखणीला. कुणी जवळ गेलं की खेकसायचे, "हात लावू नका रे, पोरीचं संशोधन हाय!"

गेल्या महिन्यात नव्या नोंदी तपासताना दक्षिण आशियातल्या एका शोधनिबंधावर तिचं नाव दिसलं. कॉलेजचंही. मी ऑफिसात किंचाळलेच. सगळ्या आशियाच्या आकड्यात त्याने तसूभरही फरक पडला नाही, पण मी सगळ्यांना कॉफी पाजली. मग नानांना फोन लावला, कितवा नंबर म्हणतील त्याचं उत्तर तयार ठेवून. त्यांनी विचारलंच नाही.

"औंदा कांदा लय कमी सडला, बाई," म्हणाले.

इतकी वर्षं मी सांगत आले, मी निघाले आणि घरचे मागे राहिले. मागे कुठले? सुवर्णा तिथे मुद्दाम राहिलीय, म्हणून तर ते घर आहे. भांडायला मात्र अजून तीच लागते. रोज संध्याकाळी कांदा चिरताना मी तिला फोन लावते.